एमएमसी नंबर काढताना: नाशिकच्या नव्या डॉक्टरांसाठी

इंटर्नशिप संपत आली की आडगावच्या आणि धामणगावच्या हॉस्टेलवर तीच ती विचारणा सुरू होते. एमएमसीचा, म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडच्या डॉक्टर-नोंदणीचा, फॉर्म कधी उघडायचा, कोणी भरून देईल का, नंबर यायला किती दिवस लागतात? खरं तर फॉर्म हे तासाभराचं काम आहे. ज्यांचं रजिस्ट्रेशन रखडतं, त्यांचं बहुतेक वेळा मुंबईत नव्हे, स्वतःच्याच फायलीत रखडलेलं असतं. कुठे नावाचं स्पेलिंग वेगळं, कुठे इंटर्नशिपच्या दाखल्यावर तारखा अर्धवट, तर कुठे लॉगिनचा मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा. म्हणून इथे फॉर्मपेक्षा फायलीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी आपली परिषद कोणती ते बघा

एमबीबीएस झालेल्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. सगळे तिला एमएमसी म्हणतात. १९६५च्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल कायद्याखाली तिचं काम चालतं आणि कार्यालय मुंबईत चिंचपोकळीला आहे. गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयातून किंवा दुसऱ्या कुठूनही बीएएमएस झालेल्यांची परिषद वेगळी, बीएचएमएसवाल्यांची वेगळी, बीडीएसवाल्यांची डेंटल कौन्सिल वेगळी. हे सांगायची गरज पडू नये, पण मित्राने पाठवलेल्या लिंकवर भलत्याच परिषदेची फी भरून बसणारे दरवर्षी निघतात. होमिओपॅथीनंतर सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केलेल्यांच्या नोंदणीचा प्रश्न कोर्टात गेलेला आहे. त्यांनी ताजी अधिसूचना वाचूनच पाऊल टाकावं, व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर नाही. यापुढचं सगळं एमबीबीएसबद्दल आहे.

आणखी एक नाशिकचा घोळ. आपल्याकडे 'एनएमसी' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यापुढे राजीव गांधी भवन येतं, म्हणजे नाशिक महानगरपालिका. तुमच्या कामातली एनएमसी म्हणजे दिल्लीचा नॅशनल मेडिकल कमिशन. २०१९च्या कायद्याने तो आला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी कामाला लागला. दोन्हींशी तुमची गाठ पडणार आहे, पण पालिकेशी नंतर, दवाखाना टाकताना. ऑफिसात कोणी "एनएमसीचं पत्र आणा" म्हणालं, तर कोणती एनएमसी ते तिथल्या तिथे विचारून घ्या.

नेक्स्टचं, म्हणजे पदवी आणि नोंदणीसाठीच्या देशपातळीवरच्या एकाच परीक्षेचं काय, असं प्रत्येक बॅच विचारते. कायद्यात ती आहे, पण पुढे ढकलली गेली. सध्या फायनल एमबीबीएस पास होणं, बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि मग कायम नोंदणी, हाच रस्ता आहे.

प्रोव्हिजनल: इंटर्नशिपला लागण्याआधी

फायनलचा निकाल लागला की पहिला अर्ज प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, रजिस्ट्रेशनचा. त्याशिवाय इंटर्नशिप सुरू होत नाही. बहुतेक कॉलेजांत विद्यार्थी विभाग सगळ्या बॅचला एकदमच सूचना देतो, त्यामुळे हा टप्पा फारसा कोणाला जड जात नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच. हे रजिस्ट्रेशन फक्त इंटर्नशिपपुरतं असतं. त्याच्या जोरावर ठरवून दिलेल्या रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करता येतं. संध्याकाळी सिडकोतल्या एखाद्या दवाखान्यात 'सरांच्या गैरहजेरीत' बसणं त्यात येत नाही. नाइट ड्यूटीला आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून उभं राहणंही येत नाही. पैसे लागतात हे मान्य, आणि विचारणाराही ओळखीचा असतो. पण केस अंगावर आली तर कागदावर तुम्ही एकटे असता.

प्रोव्हिजनलच्या वेळी जे नाव, जी जन्मतारीख आणि जो ईमेल दिला, तोच पुढे पाठलाग करतो. कॉलेजने दिलेला किंवा घाईत उघडलेला ईमेल पुढे पासवर्डसकट विसरला जातो. स्वतःचा, कायम वापरात राहील असाच पत्ता द्या.

नाव

सगळ्यात जास्त फायली इथे अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा, एका मुलीचं नाव स्नेहल राजेंद्र पाटील. दहावीच्या गुणपत्रिकेवर बोर्डाच्या पद्धतीने आधी आडनाव येतं: पाटील स्नेहल राजेंद्र. आधारवर स्नेहल राजेंद्र पाटील. पॅनवर मधलं नाव गाळलेलं. आरोग्य विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर पुन्हा आडनाव आधी. इथवर ठीक आहे, क्रम बदलला तरी माणूस तोच हे परिषदेतल्या कारकुनाला कळतं. घोटाळा होतो तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये. वडिलांच्या नावात एकीकडे 'एन' तर दुसरीकडे 'एम', कुठे एक 'ए' जास्त, तर कुठे शेवटच्या अक्षराला चिकटलेला 'एच'. बारावीच्या फॉर्मवर शाळेतल्या क्लार्कने जे लिहिलं, ते प्रवेशाला, तिथून विद्यापीठाला आणि तिथून पदवीवर गेलं. इतक्या वर्षांत कोणाला ते खटकलं नाही. परिषदेच्या छाननीत मात्र खटकतं.

काम असं करा. इंटर्नशिप संपायला तीन-चार महिने असतानाच दहावीची गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला, फायनल एमबीबीएसची गुणपत्रिका, प्रोव्हिजनलचा दाखला, आधार आणि पॅन टेबलावर शेजारी शेजारी मांडा. एकेका कागदावर बोट ठेवून नाव अक्षर-अक्षर वाचा, नंतर जन्मतारीख. सोबत कोणाला तरी बसवा. स्वतःचं नाव वाचताना आपला डोळा चुका गिळून टाकतो.

फरक सापडला तर तो कुठे दुरुस्त करायचा हे ठरवताना एक नियम पाळा. पदवीवर जे छापलं जाणार, ते मूळ धरा आणि बाकीचं त्याला जुळवा. आधार आणि पॅन दुरुस्त करणं त्या मानाने सोपं आहे. विद्यापीठाकडूनच चूक झाली असेल तर मात्र तीच आधी काढून घ्या, आणि इथे नाशिककरांची चैन आहे. लातूरच्या किंवा सिंधुदुर्गाच्या पोराला यासाठी रात्रभर प्रवास करून यावं लागतं. आपल्याला निमाणीहून दिंडोरी रोडने म्हसरूळ गाठलं की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ राज्यभरातल्या संलग्न कॉलेजांच्या वैद्यकीय परीक्षा बघतं. मात्र अर्ज कॉलेजमार्फत न्या. थेट खिडकीवर जाऊन उभे राहिलात तर "डीनचं पत्र कुठंय?" याच प्रश्नाने परत फिराल.

किरकोळ फरकासाठी, म्हणजे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरेल अशा वेळी, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरी मिळतात. टायपिस्टकडे मसुदा तयार असतो. त्याला तुमच्या कागदांच्या झेरॉक्स दाखवा, तोंडी स्पेलिंग सांगू नका. तोंडी सांगितलेल्या स्पेलिंगवरून आणखी एक तिसरंच नाव जन्माला येतं आणि त्यावर गोल शिक्का बसतो.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना माझा सल्ला सरळ आहे. पहिली नोंदणी पदवीवरच्या नावानेच करा. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडून नंतर स्वतंत्र अर्ज करता येतो. दोन्ही एकाच दमात करायला गेलं की दोन्ही अडकतात. पुढे एमडी करायचं असेल तर तोवर नाव न बदलणंच बरं, असं माझं मत आहे. सासरी कोणाला पटेल न पटेल, तो वेगळा विषय.

इंटर्नशिपचा दाखला

इंटर्नशिप बारा महिन्यांची आहे. त्यात कम्युनिटी मेडिसिनचेच बारा आठवडे जातात, बाकी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती वगैरे. सुट्ट्या फक्त पंधरा. त्याहून जास्त गैरहजेरी झाली की तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात आणि संपण्याची तारीख पुढे सरकते. नीट-पीजीच्या अभ्यासासाठी पोस्टिंगला दांडी मारणाऱ्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं.

लॉगबुकवर सही त्याच वेळी घ्यायची. पोस्टिंग संपलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत. ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर गेलात तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सही आणि केंद्राचा शिक्का घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. अधिकाऱ्याची बदली होते, नव्याला तुम्ही माहीत नसता आणि त्याने सही का करावी? एका सहीसाठी त्र्यंबक, पेठ, सुरगाणा अशी वाट तुडवणारे इंटर्न दरवर्षी दिसतात.

डीनच्या सहीचा कम्प्लिशनचा दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून चार गोष्टी तपासा: पूर्ण नाव, प्रोव्हिजनल नंबर, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, सही-शिक्का. शेवटची तारीख सर्टिफिकेट दिल्याच्या तारखेच्या नंतरची नाही ना, हेही बघा. हसू नका, होतं असं. शेवटच्या दिवसाआधीच दाखला टाइप करून ठेवलेला असतो.

इंटर्नशिप दुसऱ्या कॉलेजात किंवा दुसऱ्या राज्यात केली असेल तर मूळ कॉलेज, विद्यापीठ आणि परिषद यांच्या ना-हरकती आधीच घेतलेल्या असाव्यात. इंटर्नशिप उरकून मग एनओसी मागायची, हा प्रकार चालत नाही.

आता फॉर्म

अर्ज परिषदेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. स्वतः भरा. कॉलेजच्या आसपासचे कॅफे 'एमएमसी फॉर्म भरून मिळेल' अशी पाटी लावतात. घाईच्या वेळी ते ओटीपीसाठी आपलाच मोबाइल नंबर टाकतात, आणि तीन महिन्यांनी परिषदेने एखादी त्रुटी कळवली की तो मेसेज कॅफेवाल्याच्या फोनवर पडून राहतो. एजंट तर नकोच. घरबसल्या होणाऱ्या कामात त्याला काहीच करायचं नसतं.

जोडायचे कागद साधारण हे: प्रोव्हिजनलचा दाखला, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, फायनलची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं पासिंग किंवा पदवी प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. यादीत आणि फीमध्ये बदल होत राहतात, म्हणून सीनियरच्या जुन्या यादीवर विसंबू नका. अर्ज भरायच्या दिवशी संकेतस्थळावरची यादी उघडा.

स्कॅन मूळ कागदाचा आणि रंगीत हवा. झेरॉक्सचा फोटो काढून चढवलेले अर्ज परत येतात, कारण शिक्क्याची निळी शाई त्यात काळी दिसते. फोनवर स्कॅन करणार असाल तर कागद खिडकीपाशी ठेवा, ट्यूबलाइटखाली लॅमिनेशनवर पांढरा पट्टा उमटतो. आणि हो, मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. पुढे त्यावर काही नोंद करून घ्यायची वेळ आली तर पंचाईत होते.

पत्ता हा तुम्ही पुढची काही वर्षं ज्यावर पत्र घ्याल असा द्या. हॉस्टेलची खोली देऊ नका. गाव निफाड-येवल्याकडचं असेल आणि घरी कायम कोणीतरी असेल तर तो पत्ता उत्तम.

फी भरली की पावती आणि अर्ज क्रमांक यांचं पीडीएफ स्वतःला ईमेल करा. पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एक-दोन दिवस थांबा, व्यवहार क्रमांक घेऊन परिषदेला लिहा.

मुंबईला जावं लागलं तर

मूळ कागदपत्रं दाखवायला किंवा त्रुटी निस्तरायला बोलावणं आलं तर दिवस मोडावा लागतो. कार्यालय साने गुरुजी मार्गावर आनंद कॉम्प्लेक्समध्ये आहे, आर्थर रोड नाक्याजवळ. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरा आणि मध्य रेल्वेची स्लो लोकल घ्या. परळ, करी रोड, मग चिंचपोकळी. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, गर्दीच्या भरात चढलात तर थेट पुढे जाल. पश्चिमेला बाहेर पडा.

सोबत सगळे मूळ कागद, त्यांचे झेरॉक्सचे दोन संच, फोटो आणि निळ्या शाईचं पेन. दहावीची गुणपत्रिका घरी कपाटात राहिली म्हणून परत फिरणं, यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. बोलावणं किंवा अपॉइंटमेंट असल्याशिवाय 'बघू, भेटून येऊ' म्हणून जाऊ नका. ऑनलाइन अर्जाची स्थिती घरबसल्या दिसते.

नंबर येईपर्यंतचा काळ

इंटर्नशिप संपली, नंबर आलेला नाही, आणि हातात काम नाही. हा काळ फसवा असतो. नाशिकमध्ये खासगी रुग्णालयांची कमी नाही आणि आरएमओची सगळ्यांनाच टंचाई. "तू जॉइन हो, नंबर येईल तेव्हा दे" असं कोणी म्हणेल.

नको म्हणा. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय राज्याचा १९६१चा वैद्यक व्यवसायी कायदा आहेच, ज्याखाली बोगस डॉक्टर पकडले जातात. पदवी खरी असूनही त्या यादीत नाव जाणं परवडणारं नाही. सिनियरचं लेटरहेड आणि तुमचं अक्षर, हाही त्यातलाच प्रकार. मृत्यूचा दाखला, फिटनेस, सिक नोट यांतल्या कशावरही तुमची सही या काळात नको.

तोवर रबरी शिक्का, लेटरहेड, पाटी काही बनवू नका. एमएमसीचा नंबर वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असा तिरप्या रेघांनी तोडलेला असतो, आणि त्यातला एक अंक चुकला तर छापलेला सगळा गठ्ठा रद्दीत जातो.

शासकीय कॉलेजातून, म्हणजे समजा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयातून आलेल्यांना एक वर्षाच्या बाँड सेवेचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचंही बघावं लागतं. तिथेही वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होताना नोंदणी लागतेच, त्यामुळे नंबर आधी. बाँडची नेमणूक आणि सेवा पूर्ण केल्याचे कागद मात्र जपून ठेवा.

परदेशातून शिकून आलेले

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी द्राक्षबागायतदारांची मुलं तिथे शिकतात. त्यांची वाट लांबची आहे. आधी एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्नांपैकी १५० बरोबर यायला हवेत. ती पास झाल्यावर परिषदेकडून प्रोव्हिजनल आणि मग इथे बारा महिन्यांची इंटर्नशिप. या इंटर्नना सामावून घेण्यासाठी कॉलेजांतल्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे कॉलेज मिळायलाही थांबावं लागतं.

१८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यानंतर त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजी माध्यमात, आणि त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणेच व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यासारखी पदवी. सगळं दहा वर्षांच्या आत. अजून प्रवेश घ्यायचा असेल तर कॉलेज रोडवरच्या कन्सल्टंटला हे चारही मुद्दे लेखी विचारा. उत्तर तोंडीच देत असेल तर उठा.

कोविड किंवा युद्धामुळे ज्यांचे काही महिने ऑनलाइन गेले, त्यांच्याकडे ते शिक्षण पुढे प्रत्यक्ष भरून काढल्याचा विद्यापीठाचा पुरावा मागितला जातो. हे प्रमाणपत्र तिकडे असतानाच मिळवा. इथे आल्यावर त्या ऑफिसला फोन लावत बसणं म्हणजे वेळ, भाषा आणि संयम, तिन्हींची परीक्षा.

दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचं प्रकरण सोपं आहे पण संथ. बेळगाव किंवा सुरतेला शिकलात आणि तिथल्या परिषदेकडे नोंदणी असेल तर तिथली एनओसी आणि गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुमच्या नोंदणीवर काही ठपका नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. दोन परिषदांमधला पत्रव्यवहार आपल्या घाईने चालत नाही. नाशिकला परतायचं ठरलं त्याच आठवड्यात तिकडे अर्ज टाका.

नंबर हातात आल्यावर

प्रमाणपत्र आलं की पहिल्यांदा स्पेलिंग वाचा. अभिनंदनाचा फ्लेक्स नंतर. फ्लेक्सचं निघालंच आहे म्हणून सांगतो: मित्रमंडळी चौकात बोर्ड लावणारच, पण डॉक्टरांच्या आचारसंहितेत जाहिरातीला मनाई आहे. २००२चे नियम दवाखाना सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची अशी मोजकी निवेदनं देऊ देतात. 'नाशिकमधील एकमेव', 'हमखास गुण' असलं काही तुमच्या फोटोखाली छापलं गेलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

त्याच नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा आणि प्रिस्क्रिप्शन, दाखले, पैशांच्या पावत्या या सगळ्यांवर छापायचा. नावापुढे फक्त मान्यताप्राप्त पदव्या. एमडी किंवा डीएनबी झाल्यावर ती पदवी परिषदेकडे अॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंदवेपर्यंत पाटीवर स्पेशालिस्ट लिहू नका. निकाल लागला त्या रात्री पाटी बदलणारे पुष्कळ आहेत, नोंदणी करायचं मात्र वर्षभर राहून जातं.

राष्ट्रीय पातळीवर नॅशनल मेडिकल रजिस्टरचं पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. तिथे आधारने लॉगिन करून परिषदेचं प्रमाणपत्र चढवायचं असतं. आधारवरचं नाव जुळवून घ्यायला वर का सांगितलं, ते इथे कळेल. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री ही वेगळी गोष्ट आहे. एकात नाव घातलं म्हणजे दुसऱ्यात आलं असं नाही.

स्वतःचा दवाखाना काढणार असाल तर खाटा नसलेल्या साध्या ओपीडीला नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. खाटा टाकल्या की लागते, शहरात ती महापालिकेकडे. जैविक कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मात्र एका खोलीच्या दवाखान्यालाही हवी. सोनोग्राफीचं मशीन घेण्याआधी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी, यात थोडीही ढिलाई नको. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. आणि प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे उपचारावरून होणाऱ्या दाव्यांसाठीची, विमा पॉलिसी पहिला पेशंट तपासण्याआधी, पहिल्या नोटिशीनंतर नव्हे.

दर पाच वर्षांनी

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाला या काळात ३० क्रेडिट पॉइंट लागतात. शालिमारच्या आयएमए हॉलमध्ये, कॉलेजांत, हॉटेलांत सीएमई, म्हणजे डॉक्टरांचे सततच्या शिक्षणाचे कार्यक्रम, होतच असतात, फक्त परिषदेने त्यांना क्रेडिट मंजूर केलंय का ते पत्रिकेवर बघा. जेवण चांगलं म्हणून गेलात तर जेवण मिळेल, पॉइंट मिळेलच असं नाही. परिषदेचा निरीक्षक असतो तिथे हजेरी त्याच्या यादीत पडली पाहिजे. प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये, तारखेनुसार. पाचव्या वर्षाच्या शेवटी तीस पॉइंट गोळा करायला निघालेले डॉक्टर एका रविवारी दोन हॉलमध्ये बसायचा प्रयत्न करतात.

मुदत संपायच्या आधी काही महिने मोबाइलवर आठवण लावा, कारण उशिराचा दंड भरावा लागतो. घर, दवाखाना किंवा फोन नंबर बदलला तर परिषदेला कळवा. भाड्याची जागा सोडून गंगापूर रोडवरून इंदिरानगरला गेलात आणि परिषदेची नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहिली, तर ती मिळाली नाही हे सांगणं फारसं कामाला येत नाही. परदेशी किंवा परराज्यात जायचा विचार असेल तर गुड स्टँडिंगचा अर्ज तिकीट काढण्याआधी करा, आणि त्याआधी नूतनीकरण बाकी नाही ना ते बघून घ्या. नोंदणी चालू नसेल तर गुड स्टँडिंगचा अर्ज पुढे सरकत नाही.